चिन्याच्या गोळ्या आणि सोसायटीतलं डिटॉक्स

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका क्लिनिकचं पोस्टर आलं. हेवी मेटल डिटॉक्स, किलेशन ड्रिप (किलेशन म्हणजे शरीरातला धातू औषधाने धरून बाहेर काढणं), लवकर बुकिंग केलं तर डिस्काउंट, वर चमचमणाऱ्या मेंदूचं चित्र आणि खाली यादी, पार्किन्सन, विसरभोळेपणा, ऑटिझम, हार्टचे ब्लॉकेज, थकवा, सगळ्यावर एकच सलाइन. ग्रुपवर असलं रोज येतं, मी बघून पुढे गेले असते. पण बी विंगमधल्या काकूंनी लिफ्टमध्ये गाठलं, "अगं, तुमच्या चिन्याला पण हेच देतात ना, किलेशन? मग ह्यांना घेऊन जाऊ का? हल्ली फार विसरतात गं." लिफ्ट खाली पोचेपर्यंत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

चिन्या माझा धाकटा भाऊ. त्याला विल्सन डिसीज आहे. म्हणजे शरीरात तांबं साठत जातं. तांबं आपण सगळेच खातो, डाळीतून, दाण्यांतून, गव्हातून, आणि शरीराला ते थोडंसं लागतंच. जास्तीचं लिव्हर पित्तात टाकतं आणि ते शौचावाटे निघून जातं. हे काम करणारं एक प्रोटीन असतं, त्याचा जीन एटीपी७बी, तो १९९३ साली सापडला, तेराव्या क्रोमोसोमवर. आईकडून एक आणि बाबांकडून एक अशा दोन्ही कॉपी बिघडलेल्या आल्या की मोरीची जाळी तुंबावी तसं होतं, पाणी येतच राहतं आणि जायला वाट नाही. आधी लिव्हर भरतं, मग तिथून रक्तात आणि मेंदूत, मेंदूतही नेमकं हालचाली सांभाळणाऱ्या आतल्या गाठींमध्ये, आणि डोळ्यात. साधारण तीस हजारांत एकाला होतो असं म्हणतात. आईबाबा दोघंही ठणठणीत आहेत, त्यांना कधी काही झालेलं नाही, त्यामुळे "आमच्या घराण्यात असलं काही नाही" हे वाक्य आम्ही त्या काळात दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांकडून भरपूर ऐकलं.

चिन्याला नववीत असताना कावीळ झाली होती. कुणीतरी गावाकडून झाडपाल्याचं औषध आणलं, ती उतरली, विषय संपला. बारावीत त्याचं अक्षर बिघडायला लागलं. आधी वाकडं, मग बारीक बारीक, ओळीच्या शेवटाकडे तर नुसत्या मुंग्या. प्रिलिमच्या पेपरवर लाल पेनाने "अक्षर सुधारा" असा शेरा. मग जीभ जड झाली, फोनवर तो बोलला की आत्याला वाटायचं हा आत्ताच झोपेतून उठलाय. जेवताना लाळ गळायची, ती तो रुमालाने पटकन पुसायचा आणि इकडेतिकडे बघायचा. चिडचिड तर इतकी की एकदा वरणाची वाटी भिंतीवर मारली, जो मुलगा त्याआधी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. बारावीचं टेन्शन, मोबाइल, मुलीचं प्रकरण, बाहेरचं काहीतरी, सगळी निदानं घरबसल्या झाली. एका डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, त्या काही महिने चालल्या. त्यांना मी दोष देत नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण कावीळ झाली होती हे आईने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तरुण मुलाला हात थरथरणं आणि लिव्हर दोन्ही असेल तर तांबं बघायचं, हे पुस्तकातलं आहे.

शेवटी एका न्यूरोलॉजिस्ट बाईंनी त्याला दोन्ही हात पंखासारखे कोपरात दुमडून धरायला लावले. हात फडफडायला लागले. त्यांनी काही न बोलता चिठ्ठी लिहिली आणि खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आम्हाला वाटलं, चुकून पाठवलं. तिथे स्लिट लॅम्पमध्ये बघून त्या डॉक्टरांनी आपल्या ज्युनिअरला हाक मारली, मग अजून एका ज्युनिअरला, आणि मलाही बघायला दिलं. बुबुळाच्या बाहेरच्या कडेने सोनेरी-तपकिरी, थोडंसं हिरवट कडं होतं. कायझर-फ्लायशर रिंग. दिसायला खरं तर सुंदर होतं, भावाच्या डोळ्यात तांबं आहे हे माहीत नसतं तर.

मग रक्तात सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रोटीन, ते नॉर्मलला वीसच्या वर हवं, याचं एक आकडी. आणि चोवीस तासांची लघवी. हा प्रकार ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी: लॅबवाला एक मोठा प्लास्टिकचा कॅन देतो, तोच वापरायचा, घरातली बादली-बाटली-भांडं काही चालत नाही, कारण भांड्याच्या धातूचा अंश गेला तरी रिपोर्ट चुकतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, तिथून पुढची प्रत्येक धरायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची धरून. एकदा जरी सवयीने कमोडमध्ये गेली तरी सगळं पहिल्यापासून. आईने बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला होता, "चिन्मय, कॅन!!" आणि त्या दिवशी आलेल्या पेपरच्या बिलवाल्याने तो वाचून विचारलं की पाण्याची टंचाई आहे का. रिपोर्टमध्ये ४० मायक्रोग्रॅमच्या आत नॉर्मल असतं, १०० च्या वर गेलं की संशय पक्का होत जातो, याचं ३०० च्या वर होतं.

आता औषध. चिन्याला पहिल्यांदा दिलं ते पेनिसिलामाइन, कॅप्सूल. डबी उघडली की गंधकासारखा वास येतो, आणि ते बरोबरच आहे, त्यात गंधक असतंच आणि तांब्याला धरण्याचं काम तोच भाग करतो. धरलेलं तांबं लघवीतून बाहेर. म्हणजे बंद पडलेल्या पित्ताच्या वाटेऐवजी किडनीची वाट वापरायची, एवढीच युक्ती आहे.

ह्या औषधाची गोष्ट मी तेव्हा रात्र-रात्र वाचत बसायचे, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. किनियर विल्सन नावाच्या लंडनमधल्या डॉक्टरांनी हा आजार १९१२ साली नीट लिहून ठेवला, पण तांब्याचा संबंध त्यांना माहीत नव्हता, आणि तेव्हा निदान म्हणजे मरणाची तारीख फक्त लांब की जवळ एवढंच. पहिलं औषध आलं ते युद्धातून. लेविसाइट नावाचा आर्सेनिकचा विषारी वायू होता, त्यावर उतारा म्हणून दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये एक द्रव्य तयार केलं, बाल (बीएएल, ब्रिटिश अँटी-लेविसाइट) म्हणतात त्याला, आणि नंतर १९५० च्या आसपास ते विल्सनच्या पेशंटना देऊन बघितलं. चालायचं, पण खोल स्नायूत इंजेक्शन, प्रचंड दुखायचं, आणि ते विरघळवलेलं असायचं शेंगदाणा तेलात. ज्या पेशंटला दाणे खाऊ नका म्हणतात त्याला दाण्याच्या तेलातलं औषध, हे वाचून चिन्या बऱ्याच दिवसांनी खदखदून हसला होता. मग १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन आणलं. पेनिसिलिन घेणाऱ्या पेशंटच्या लघवीत त्यांना ते आधी सापडलेलं होतं, त्याची रचना डोक्यात होती, आणि बॉस्टनमध्ये विल्सनचा पेशंट बघितल्यावर हे तांबं धरेल असं सुचलं. पेशंटला द्यायच्या आधी त्यांनी स्वतः गिळून बघितलं. तोंडाने घ्यायची गोळी, घरी बसून. आजार तोच, पण त्या वर्षापासून पोरं जगायला लागली.

पण पोस्टरवर जे कधीच नसतं ते आता सांगते. गोळी सुरू केल्यावर चिन्या आधी बिघडला. आणि थोडाथोडका नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, मेंदूवर परिणाम झालेल्या बऱ्याच पेशंटमध्ये सुरुवातीला असं होतं, लिव्हरमध्ये दबून बसलेलं तांबं एकदम सुटतं आणि त्यातलं काही मेंदूकडे जातं असा अंदाज आहे, म्हणून डोस अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवतात. सांगितलेलं असूनही, जो मुलगा अडखळत का होईना बोलत होता त्याचं बोलणं पूर्ण बंद झालेलं बघणं, उजवा हात मनगटात वळून तसाच अडकलेला बघणं, ते वेगळंच. आई म्हणाली बंद करा हे विष. बाबा गप्प. डॉक्टरांनी डोस अजून खाली आणला, हात सैल व्हायला वेगळी गोळी दिली आणि म्हणाल्या, "सहा महिने मला विचारू नका की फरक कधी पडेल." त्यांनी खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

फरक कधी पडला ते नेमकं सांगताच येत नाही. एक दिवस त्याने "ताई, पंखा" असं म्हटलं आणि मी पंखा लावून परत कामाला लागले, दहा मिनिटांनी लक्षात आलं. पुढे दीड-दोन वर्षं थोडं थोडं येत राहिलं. चालणं पूर्ण आलं. बोलणं आलं, पण दमला की आजही शब्द एकमेकांना चिकटतात. अक्षर आलं नाही. बँकेत सही जुळत नाही म्हणून अंगठा-बायोमेट्रिकवर काम चालतं. तांबं बाहेर काढता येतं, त्याने जे आधीच जाळलंय ते औषध परत देत नाही, मेंदू आपला आपण जमेल तेवढं सावरतो. म्हणून लवकर सापडणं एवढं महत्त्वाचं.

घरातलं वेळापत्रक गोळीभोवती फिरतं. जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास, पोट रिकामं, कारण अन्नाबरोबर घेतली तर नीट शोषलीच जात नाही. पुणेरी घरात सकाळी उठल्या उठल्या चहा नाही, आधी गोळी आणि मग घड्याळाकडे बघत बसायचं, ही शिक्षा बाबांनी पण त्याच्याबरोबर भोगली, स्वखुशीने. सोबत बी६ ची गोळी, कारण पेनिसिलामाइन ते व्हिटॅमिन खाऊन टाकतं. आणि सारख्या तपासण्या, रक्तातल्या पेशी, लघवीत प्रोटीन. काही वर्षांनी ते प्रोटीन यायला लागलंच, किडनी कुरकुरायला लागली. तेव्हा ट्रायन्टीन नावाच्या दुसऱ्या औषधाचा विचार झाला, तेही वॉल्श यांनीच शोधलेलं, पण त्याची किंमत ऐकून आम्ही पाणी मागितलं. सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांकडे मी वणवण केली, एकाने तर नाव लिहून द्या म्हणून कागद पुढे केला आणि वाचून म्हणाला, मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. शेवटी त्याला झिंकवर आणलं. झिंक तांब्याला धरून बाहेर काढत नाही, ते आतड्याच्या पेशींमध्ये एक प्रोटीन वाढवतं, ते प्रोटीन जेवणातलं तांबं तिथेच अडकवतं आणि पेशी झडली की सगळं शौचातून जातं. साठा उपसून झाल्यावर नवीन भरू नये म्हणून हे पुरतं. सुरुवातीला मळमळायचं, आता सवय झाली.

खाण्यात काजू, तीळ, मशरूम, चॉकलेट, कलेजी बंद किंवा अगदी नावाला. महाराष्ट्रीय स्वयंपाकात दाण्याचं कूट नाही घालायचं म्हणजे काय ते करून बघा एकदा. संक्रांतीला त्याला तिळगूळ नाही, साखरेचा हलवा. आणि तांब्याच्या बाटल्या! मधे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तांब्याची बाटली भेट द्यायचा, आरोग्यासाठी चांगलं म्हणून. माळ्यावर पिशवीभर पडल्यात.

तांब्या-पितळेवरून आठवलं, ही गोष्ट पुणेकरांना माहीत असायला हवी आणि माझ्या ओळखीत कुणालाच नव्हती. १९७०-८० च्या दशकात लहान मुलांना, वर्ष-दोन वर्षांच्या, लिव्हरचा एक भयानक आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. पोट फुगायचं, कावीळ, आणि मूल जायचं. लिव्हरमध्ये तांबं अफाट सापडायचं. त्यावर मोठं काम झालं ते इथे, रास्ता पेठेतल्या केईएममध्ये, डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे सहकारी, बरोबर इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर. १९८३ साली त्यांनी लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं असायचं. कल्हई नसलेलं पितळ आणि त्यात दूध, की तांबं दुधात उतरतं. ह्याच मुलांवर त्यांनी पेनिसिलामाइनच वापरून बघितलं, आणि लवकर आलेली काही पोरं त्यावर वाचली. पुढे घराघरात स्टील आलं, पितळेत दूध ठेवू नका हे सांगितलं गेलं आणि आजार जवळपास दिसेनासा झाला. माझी आजी कसबा पेठेत तांबट आळीच्या जवळ राहायची, भांड्याला कल्हई उडालेली दिसली की त्यात आंबट आणि दूध ठेवायचं नाही हा तिचा नियम. कल्हईवाला गल्लीत आला की भाता, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने आतून फिरवलं की काळं भांडं चंद्रासारखं. आपण ते कौतुकाने बघायचो. त्या पातळ थरावर काय काय अवलंबून होतं ते कुठे माहीत होतं.

तर काकू, तुमच्या प्रश्नाकडे. चिन्याला किलेशन देतात कारण त्याच्या अंगात कुठला धातू, का आणि किती आहे हे मोजून झालेलं आहे. काकांच्या विसरण्याला धातू कारण आहे असं कुणी दाखवलेलं नाही. ती क्लिनिकवाली मंडळी काय करतात माहितीये, आधी किलेशनचं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. औषधाने थोडेफार धातू कुणाच्याही लघवीत उतरणारच, आणि ते आकडे ताडून बघतात औषध न घेतलेल्या माणसाच्या नॉर्मलशी. मग रिपोर्ट लाल. माझा काढला तरी लाल येईल, तुमचा पण, वॉचमनचा पण.

आणि धातू काढला की मेंदू सुधारतो असंही नाही. अमेरिकेत रक्तात शिसं जास्त असलेल्या ७८० लहान मुलांवर ट्रायल झाली, निष्कर्ष २००१ ला आले. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक नाही. शिसं खूपच चढलेलं असेल तर किलेशन करतातच, तिथे जीव वाचवायचा असतो, पण त्याही वेळी पहिलं काम शिसं कुठून येतंय ते बंद करणं. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या एका भागात लोह जास्त दिसतं हे खरं आहे, म्हणून डेफेरिप्रोन नावाचं लोह काढणारं औषध ३७२ पेशंटवर नीट तपासलं, २०२२ मध्ये छापून आलं, मेंदूतलं लोह कमी झालं आणि पेशंट औषध न घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडले. लोह तिथे कशासाठी तरी लागत असावं. आणि २००५ मध्ये पेन्सिल्व्हेनियात एका पाच वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलाला अशाच दवाखान्यात ईडीटीए ह्या किलेशनच्या औषधाचा चुकीचा प्रकार शिरेतून दिला, रक्तातलं कॅल्शियम घसरलं आणि हृदय बंद पडलं. तो मुलगा विषबाधेचा पेशंट नव्हता. सलाइन आहे म्हणजे ताकदीचं काहीतरी असेल असं आपल्याकडे वाटतं, त्यात ताकद आहेच, तीच भीती आहे. काकांना आधी बी१२, थायरॉइड आणि ऐकू नीट येतं का ते बघून घ्या, आणि मग न्यूरोलॉजिस्ट. पोस्टरवाल्यांच्या पहिल्या पॅकेजपेक्षा स्वस्तात होईल.

खरी किलेशन कंटाळवाणी असते हेच लोकांना पटत नाही. पाच सेशनमध्ये संपत नाही, जन्मभर. चिन्या नोकरीसाठी नाशिकला गेला तेव्हा त्याने गोळ्या बंद केल्या होत्या, आम्हाला न सांगता. त्याचं म्हणणं, ताई, काही होतच नव्हतं ना. बंद केल्यावर लगेच काही होतही नाही, हेच वाईट आहे, महिनोन्महिने माणूस मस्त असतो आणि मग काहींचं लिव्हर असं एकदम जातं की ट्रान्सप्लांटशिवाय मार्ग नसतो. त्याचं नशीब, नेहमीच्या रक्ततपासणीत लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसले आणि डॉक्टरांनी एका प्रश्नात पकडलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पुन्हा कॅन घेऊन जा."

माझी पण तपासणी झाली होती, त्याचं निदान झालं त्याच आठवड्यात. सख्ख्या भावंडांत चारात एकाला असू शकतो आणि लक्षणं यायच्या आधी सापडला तर गोळ्यांवर माणूस अगदी नॉर्मल आयुष्य काढतो, त्यामुळे ही तपासणी कंपल्सरी समजा. मला नाही निघाला. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे आणि भावंडांचं "बघू नंतर" चाललंय, त्यांनी नंतर करू नका.

सध्या आमच्याकडे लग्नाचा विषय आहे. आत्याचं म्हणणं, बायोडेटात कशाला लिहायचं, दिसत तर काही नाही. चिन्याने लिहिलं. रक्तगटाच्या खाली, विल्सन डिसीज, औषध चालू, आणि आत्यासाठी खास एक ओळ की मुलांना हा आजार व्हायची शक्यता दोनशेत एकाच्या आसपास आहे, कारण साधारण नव्वदात एक माणूस कॅरियर, म्हणजे एकच कॉपी बिघडलेली पण स्वतः ठणठणीत, असा असतो आणि बायको तशीच निघाली तरच प्रश्न, आणि तिचीही टेस्ट होते. दोन ठिकाणहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. तिसऱ्या घरचे रविवारी येतायत, आईने विचारलं पोह्यांवर दाणे घालू का, तर म्हणाला त्यांच्या घाल, माझ्या नको.